चाळिसाव्या कडव्यातला सांधा

(केंब्रिजमधल्या एका कॉलेजचं चॅपल. दुपार. रेडिओवर ध्वनिमुद्रणाचं काम करणारी एव्हरिल थर्लो मायक्रोफोनच्या तारा गुंडाळते आहे. चॅपलची देखभाल करणारे क्लेमंट पास्क फरशीवरचं मेण खरवडत आहेत.)

पास्क : तीच तार तू तिसऱ्यांदा गुंडाळते आहेस. काय विचारायचंय ते विचार.

एव्हरिल : त्या रविवारी बाबा तुमच्याकडे होते ना, मिस्टर पास्क?

पास्क : माझी बायको मेरियन गेल्यापासून विल्फ दर रविवारी माझ्याचकडे. केक माझा, तक्रारी त्याच्या. का?

एव्हरिल : रेडिओ लावला होता?

पास्क : आधी तू बोल. विल्फच्या दफनाच्या दिवशीही तू माझी नजर चुकवत होतीस.

एव्हरिल : बुधवारी इथली प्रार्थना रेडिओवर थेट गेली, तेव्हा लाल दिवा लागायच्या आधी चॅपलच्या मुख्य धर्मगुरूंनी, डीननी सांगितलं, ज्यांना खोकायचंय त्यांनी आत्ताच खोकून घ्या.

पास्क : दरवेळी सांगतात. विल्फ अगदी आज्ञाधारकपणे खोकला.

एव्हरिल : आणि मग स्तोत्रात परत. चाळिसाव्या कडव्यात, मधल्या विरामात.

पास्क : गाणारे श्वास घ्यायला थांबतात तिथे. मी शेजारीच होतो. किती वेळ दाबून धरला होता त्यानं. खिशात गोळी होती, पण कागद वाजेल म्हणून सोडली नाही. गाणं बिघडू नये म्हणून विरामाची वाट बघत राहिला.

एव्हरिल : गाण्यात खोकले असते तर कुणाला कळलंही नसतं. रेडिओला ती शांतताच सगळ्यात नाजूक. बाहेर ध्वनिमुद्रणाच्या गाडीत आम्ही कान लावून बसलेलो. निर्मातीनं विचारलं, कोण हे आजोबा?

पास्क : मग?

एव्हरिल : म्हटलं, माहीत नाही. कुणी पाहुणे असतील.

पास्क : हं.

एव्हरिल : हे बाक ज्या सुतारानं दुरुस्त केले ते माझे वडील, एवढंच सांगायचं होतं. जीभ उचलली नाही.

पास्क : पेत्रानं येशूला तीनदा नाकारलं होतं, पोरी. तुझं एकदाच.

एव्हरिल : दोनदा. रविवारच्या पुनःप्रक्षेपणासाठी मी तो खोकला काढला. दुसऱ्या विरामातली शांतता उचलून तिथे बसवली.

पास्क : वरून सांगितलं असेल.

एव्हरिल : कुणी सांगितलं नाही. निर्माती उलट म्हणाली, राहू दे, माणसं आहेत, खोकणारच. मीच हट्टानं काढला.

पास्क : तो पोस्टात सांगून आला होता. खाटकाकडेही. रविवारी ऐका, चाळिसाव्या कडव्यात मी आहे, माझ्या मुलीनं मला रेडिओवर घेतलंय.

एव्हरिल : मलाही शनिवारी फोनवर सांगितलं, हसत हसत. तोवर मी काढून मोकळी झाले होते. नुसतं "हो का" म्हटलं.

पास्क : "हो का."

एव्हरिल : रविवारी त्यांचा फोन आला नाही. मीही केला नाही. मंगळवारी ते गेले. त्यांनी ऐकलं का, एवढंच सांगा.

पास्क : तुला काय ऐकायचंय?

एव्हरिल : खरं असेल ते.

पास्क : ऐकलं. माझ्या स्वयंपाकघरात. मेरियनचं स्तोत्रांचं पुस्तक समोर, कडव्यांवर बोट. एकोणचाळिसावं संपलं तेव्हा मला म्हणाला, ती बशी वाजवू नकोस.

एव्हरिल : आणि?

पास्क : विराम आला आणि गेला. गाणारे पुढे निघून गेले, याचं बोट चाळिसाव्यावरच.

एव्हरिल : काही बोलले नाहीत?

पास्क : मीच बोललो. म्हटलं, ह्या रेडिओवाल्यांचं काही खरं नाही. तर म्हणाला, रेडिओवाले कसले, आमची एव्हरिल आहे ती.

एव्हरिल : म्हणजे त्यांना कळलं.

पास्क : कळलं. स्तोत्र संपेपर्यंत मान वर केली नाही. मग चष्मा पुसला.

एव्हरिल : पुढे सांगा, मिस्टर पास्क.

पास्क : म्हणाला, "काय हात आहे पोरीचा, क्लेमंट. सांधा दिसत नाही."