तळाचा आकडा

— येईल हो वहिनी, रामकिसन काय लहान लेकरू हाय का हरवायला? बसा, खुर्चीवर बसा. सकाळी सातला निघाला, दोन वाजले, फोन लागत न्हाई — मंग काय झालं? वडीगोद्रीत कुणी भेटलं असंल, चहा पीत बसला असंल. चौदा विहिरींत टेप सोडायचा, पाणी किती खोल ते वहीत लिहायचं, वही मला आणून द्यायची — पाच वर्षांत एक आठवडा चुकला न्हाई गडी. आज तर मीच पाठवलंय त्याला. एकच विहीर सांगितली.

कोणती? सांगतो ना, दम धरा. आधी हे बघा — हा निळा पट्टा म्हंजे तुमच्या गावाखालचं पाणी. खरं न्हाई, कम्प्युटरातलं. सहा नव्या बोअरनं उपसलं तर पुरंल का, ते ह्यो सांगतो. पण चारी बाजूंची हद्द आपण आखून द्यायची, शेताला बांध घालतो तशी, अन् हद्दीवर पाणी आत येतं का अडतं ते बी आपणच सांगायचं. तिथंच घोळ! चार महिने उत्तर बसंना माझं — कम्प्युटर तोच हिशेब फिरून फिरून करतो, एकेका फेरीला मागच्या उत्तराशी फरक कमी व्हायला पाहिजे, ह्याचा वाढतच जायचा, दोनशे फेऱ्या झाल्या की बंद. डोस्कं फिरलं माझं. मंग काय केलं? पूर्वेच्या हद्दीला पाझर तलाव हाय ना, तिथं लिहून टाकलं — पाणी बारा महिने एकाच पातळीला. झटक्यात बसलं! नऊ फेऱ्यांत! साहेब खूश, अहवाल मंजूर, बोअर चालू.

काय म्हणलात? तलाव दोन वर्षं कोरडा हाय? मी आंधळा हाय का वहिनी? रामकिसन दर आठवड्याला लिहायचा की, तलावाखालच्या तुळजाबाईच्या विहिरीपुढं — कोरडी. पुन्हा कोरडी. अहो, कम्प्युटरला आकडा लागतो, शब्द चालत न्हाई! मी त्या ओळीच काढून टाकल्या. शंभर असतील. अन् उद्या तपासणीला संभाजीनगरहून बाई येऊन राह्यल्या, त्या विचारणार, ही विहीर कुठं गेली? तवा मी त्याला म्हणलं, शब्द नको बाबा, आकडा आण. विहिरीच्या तळाला जुना बोअर हाय, त्यात असंल थोडं पाणी. वरून सोडलेला टेप त्या भोकात जात न्हाई — तर खाली उतर.

असं नका बघू माझ्याकडं. पायऱ्या हायत की अर्ध्यापर्यंत. बंद पडलेल्या विहिरीत आधी कंदील सोडून बघतात, विझला तर उतरायचं न्हाई — हे त्याला शिकवायला पाहिजे का? तोच म्हणला ना फोनवर, साहेब, घरून कंदील घेऊन येतो. मी म्हणलं — आता काय सांगू — मी म्हणलं, कशाला माघारी फिरतो, मोबाइलच्या बॅटरीत बघ अन् जल्दी कर. बॅटरी विझत न्हाई, वहिनी. म्हाईत हाय मला. हवा खराब असली तरी जळत राहती. नऊला फोन आल्ता, उतरून राह्यलो म्हणला. त्यानंतर न्हाई आला. मी म्हणलं, रेंज नसंल. पाच तास झाले, मी हेच म्हणून राह्यलो.

उठू नका, थांबा. मी गाडी काढतो, दोर घेतो, माणसं घेतो — पण खाली कुणीच उतरायचं न्हाई, कळलं का? सख्खं असलं तरी न्हाई. फोन वाजून राह्यला तुमचा, घ्या. कोण, मिथुन? तुमचा दीर? विहिरी बघत फिरत होता? तुळजाबाईच्या बांधावर रामकिसनची गाडी सापडली म्हणतो — सांगा त्याला, वरच थांब! वाकू बी नको! सांगा ना वहिनी! काय, ठेवला त्यानं? काय म्हणला? "दादा दिसला, उतरतो" — एवढंच? लावा परत. आणा इकडं, मी लावतो. वाजून राह्यला… उचल की रे… वाजूनच राह्यला, वहिनी.