वर्षासनाचा निम्मा वाटा

(मिनेसोटातल्या एका छोट्या गावातलं चर्चचं तळघर, मार्चमधला शनिवार. निवृत्त शिक्षक मर्ल टोस्ट्रूड इथे गावकऱ्यांची कराची विवरणपत्रं फुकट भरून देतात. समोर आर्लिस हेगलंड आणि तिचा धाकटा भाऊ ऑरिन.)

मर्ल : तिसऱ्यांदा सांगतो, आर्लिस. घर वारशानं मिळालं, त्यावर कर नाही. पण हे वर्षासन आहे. तुझ्या वडिलांनी, पामरनं, विमा कंपनीत पैसे टाकले, ते तिथे वाढले, आणि त्या वाढीवर त्यानं कधी कर भरला नाही. आता तो गेला. कर तुझ्या गळ्यात.

आर्लिस : बँकेतली मुलगी म्हणाली, वारशाच्या पैशाला कर नसतो.

मर्ल : ती येणार आहे का सही करायला?

ऑरिन : आटपा की लवकर. सकाळपासून हेच चाललंय तुमचं.

मर्ल : वर्षभरात कंपनीनं तुला तेरा हजार डॉलर दिले. त्यातले नऊ करपात्र.

आर्लिस : मला कुठे मिळाले तेरा? निम्मे ह्याला देते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, पाकिटात घालून.

मर्ल : ते पाकीट होय? मला वाटायचं, तुम्ही प्रार्थनेनंतर कॉफीच्या टेबलाशी भांडताय.

ऑरिन : भांडतोही.

मर्ल : आता नीट ऐक. हे नऊ हजार लिहिले की तुझं उत्पन्न वर जातं. आरोग्यविम्याच्या हप्त्यात सरकारनं दिलेली सूट बरीचशी परत करावी लागेल. आणि यंदाचा हप्ताही वाढेल.

आर्लिस : कसा झेपेल मला? म्हातारपणीचा सरकारी विमा मिळायला अजून तीन वर्षं आहेत. जूनमध्ये गुडघ्याचं ऑपरेशन आहे, मर्ल.

मर्ल : म्हणून तर डोकं फोडतोय. एक वाट आहे. निम्मे पैसे खरोखर ऑरिनचे असतील, तर तेवढे त्याच्या विवरणपत्रात जातील.

ऑरिन : माझ्या? का म्हणून? कागद तिच्या नावानं आलाय.

मर्ल : खिसा कोणाचा भरला?

ऑरिन : ते बाबांनी मला ठेवलेले. हिनंच सांगितलं.

मर्ल : मग झालंच की. वारसांत तुझंही नाव असणार, कंपनीनं घोळ घातलाय. सोमवारी फोन करून विचारतो.

आर्लिस : नको.

मर्ल : अगं, दोन मिनिटांचं काम.

आर्लिस : नको म्हणते ना. सगळं माझ्या नावावर टाका.

मर्ल : आणि गुडघा?

आर्लिस : लंगडेन. तुम्हाला काय करायचंय?

मर्ल : आठवीच्या पोरांना गणित शिकवताना एवढा वैतागलो नव्हतो मी. फोन का नको, तेवढं तरी सांग.

ऑरिन : माझं नाव नाहीये तिथे, मर्ल.

आर्लिस : ऑरिन, गप्प बस.

ऑरिन : होतं आधी. मी न विचारता गाई विकल्या, त्या वर्षी बाबांनी ते काढलं. गोठ्यात उभं करून तोंडावर सांगितलं मला.

आर्लिस : म्हणजे तुला माहीत होतं? वर्षभर मी देवाच्या दारात तुझ्याशी खोटं बोलतेय, आणि तू मख्खासारखा ऐकून घेतोयस?

ऑरिन : हो.

आर्लिस : पैसे घ्यायला लाज नाही वाटली?

ऑरिन : वाटली. पण घेतले. छपरावर खर्चही झाले.

आर्लिस : मग येत का राहिलास, मेल्या?

ऑरिन : पाकीट देताना तू म्हणायचीस, 'हे बाबांनी तुझ्यासाठी ठेवलंय.' खोटं होतं, तरी ऐकायला बरं वाटायचं.

मर्ल : मी कॉफी घेऊन येतो.

आर्लिस : बसा तिथेच. आता कर कोणाचा, ते सांगा.

मर्ल : तुझा. सगळाच्या सगळा. ह्याला दिलेस ते तू तुझ्या खुशीनं दिलेस.

ऑरिन : जे काय बसेल, त्यातलं निम्मं मी देईन. एकदम नाही जमायचं.

आर्लिस : देशीलच. मी सोडणार नाही. आणि पाकीट बंद, आत्ताच सांगून ठेवते. मला विमा भरायचाय.

ऑरिन : बरं.

आर्लिस : रविवारी मात्र यायचं.

ऑरिन : आता कशाला? कॉफीला?

आर्लिस : प्रार्थनेला. माझ्या शेजारी, बाबांच्या जागेवर बसायला. वर्षभर तिथे मी पर्स ठेवतेय.