नाही म्हणायचं बटण

हवालदारदादा, नाव सकाळपासून तिसऱ्यांदा विचारताय. विसरायचं वय माझं आणि विसरता तुम्ही. पहिल्या कागदावर आहे, तो चहाच्या कपाखाली बघा. वय अठ्ठ्याहत्तर. धंदा शिवणकाम, डोळे अधू झाल्यापासून फक्त बटणं लावते. राहणार रंगाच्या दुकानावर दुसरा मजला, मोठ्या मुलाकडे. लिहिता-वाचता येत नाही. हे मात्र तिन्ही वेळा न विसरता लिहिलंत.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, आतल्या खोलीत सकाळी आठपासून जिला बसवून ठेवलंय ती माझी नात. कॉम्प्युटर कंपनीत सहा वर्षं नोकरीला आहे. दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या, हे तिचं काम. लहानपणी माझ्या शिलाईतले सुटलेले टाके शोधायची, तेव्हा फुकट करायची.

मागच्या महिन्यात मी म्हाताऱ्यांचं ओळखपत्र काढायला नागरिक केंद्रात गेले. खिडकीतल्या बाईंनी माझा अंगठा काचेवर दाबला आणि मी नीट बसायच्या आत पडद्यावरचं 'मान्य आहे' हे बटणही दाबलं. मी विचारलं, "बाई, मी काय मान्य केलं?" त्या म्हणाल्या, "आजी, सगळेच करतात." मी म्हटलं, "सगळ्यांचं राहू द्या, माझं सांगा." तोवर त्यांनी पुढचा माणूस बोलावला होता.

घरी नातीला तो मजकूर वाचायला लावला. पाव तास वाचत होती. मग म्हणाली, हे माझ्याच कंपनीनं बनवलंय. आपला चेहरा, आवाज, कुठली औषधं घेतो, कुठं जातो-येतो, हे सगळं कंपनी 'तृतीय पक्षास' देऊ शकते, असं त्यात होतं. हा तिसरा कोण, म्हणून मी विचारलं. ती म्हणाली, "कुणीही, आजी."

ज्यांना वाचता येत नाही त्यांना हे ऐकवायची सोय करा, असं तिनं तिच्या साहेबांना तीनदा लिहून कळवलं. तिन्ही वेळा उत्तर आलं, पुढच्या खेपेला बघू. मग तिनं ती सोय स्वतः केली. त्यातला आवाज माझा आहे. तिनं वाचायचं आणि मी माझ्या भाषेत सांगायचं, असं शिवणयंत्रावर मोबाइल ठेवून केलं. एवढ्यासाठी कुणाला आत बसवायचं असेल तर मला बसवा. मला कामावरून काढायला कुणी येणार नाही.

सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी तिनं तो बदल साहेबांकडे मंजुरीला पाठवला. वर स्पष्ट लिहिलं होतं की मजकूर मोठ्यानं वाचून दाखवण्याची सोय. अकरा वाजून बारा मिनिटं झाली नाहीत तोच साहेबांची मंजुरी आली. मंगळवारी केंद्रात बावन्न म्हाताऱ्यांनी माझा आवाज ऐकला. एकोणपन्नास जणांनी विचारलं, नाही म्हणायचं बटण कुठंय? ते कुणी केलेलंच नव्हतं. बाईंनी खिडकी बंद केली. बुधवारी कंपनीनं तक्रार दिली की नातीनं परवानगी न घेता ढवळाढवळ केली.

नातीचे ते साहेब आज दुपारी इथं याच बाकावर बसले होते. मी विचारलं, "साहेब, मंजुरी तुमचीच ना?" ते म्हणाले, "आजी, दिवसाला असे शंभर येतात. वाचत कोण बसतो?"

यानंतर मला कागदावर अंगठा करायला सांगण्यात आलं. वाचून दाखवाल तेव्हा करीन, असं मी सांगितलं. हवालदारदादा, तुम्ही म्हणालात, "आजी, तुम्ही सांगितलं तेच आहे." मी म्हटलं, "खिडकीतल्या बाईही असंच म्हणत होत्या." तेव्हा वाचून दाखवलं. त्यात साहेबांचं शेवटचं बोलणं नव्हतं. ते बोलत होते तेव्हा तुमचं पेन वर उचललेलं मी पाहिलं होतं. अक्षर कळत नसलं तरी थांबलेला हात कळतो. मग ते वाक्य घालून घेतलं. तुमच्या मोठ्या साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि कंपनीत फोन लावला. ती मंजुरी कुणाच्या नावावर आहे ते बघा म्हणाले. उत्तर अजून यायचंय.

हा जबाब मला दोनदा वाचून दाखवला. पहिल्यांदा अपुरा होता, आता मी सांगितला तसा आहे, म्हणून माझ्या हातानं अंगठा करते.

माझ्या मुलाला फोन करून एवढं सांगा. तासाभरात नातीला सोडलं तर डबा नको, आम्ही घरी येऊन जेवू. नाही सोडलं तर दोघींचा पाठव: मऊ भात, उकडलेली अंडी, मीठ वेगळं. आणि माझं अंथरूण.