बंकवरची झोप

वायोमिंगच्या ट्रकथांब्यावर सकाळी कॉफीच्या रांगेत माझ्यापुढे एक म्हातारं जोडपं उभं होतं. ट्रक दोघांचा, एकानं चालवायचा, दुसऱ्यानं केबिनमधल्या मागच्या बंकवर झोपायचं. कोण किती तास कामावर आणि किती विश्रांतीवर, हे बटण दाबून लॉगमध्ये नोंदवायचं; पुरेशी विश्रांती नोंदलेली नसेल तर कायद्यानं चालवायला बंदी.

"किल्ली दे, मेविस. माझी पाळी."

"झोपलास कधी?"

"लॉग बघ. रात्रभर विश्रांती."

"बटण विश्रांतीचं दाबलंस आणि बसलास शेजारच्या सीटवर, माझ्याकडे टक लावून!"

"रस्त्याकडे बघत होतो."

"रस्ता काय माझ्या नाकावर होता?"

"तुला मध्येच छातीत दुखलं तर?"

"ऑपरेशन होऊन वर्ष झालं, ऑरिन. डॉक्टरनं परवानगी दिलीय."

"डॉक्टरचं काय जातंय! त्याची बायको आहेस का तू?"

"बरं. लॉग दुरुस्त कर. रात्रभर कामावर होतास, तसं लिही."

"मग मला चालवता येणार नाही. तुझेही तास संपलेत. माल रखडेल."

"रखडू दे. कंपनीला मी सांगते."

"आणि इथे दिवसभर करायचं काय?"

"गाडी उभी असेल, मी शेजारी असेन. आता तरी झोपशील ना?"

त्यांचा नंबर आला.

"दोन कॉफी?" काउंटरवरच्या बाईनं विचारलं.

"नको," ऑरिन म्हणाला. "गरम दूध दे. दोन."