तेरापैकी दहावी भेट

ठिकाण : बर्च नॅरोज पोलीस ठाणे, ओजिब्वे आदिवासींची राखीव भूमी, उत्तर मिनेसोटा.
गुरुवार, ता. ४ सप्टेंबर २०१४. लिहायला सुरुवात सायंकाळी ५.२० वाजता.

मी, व्हर्ना मे बेलँजर, वय ५८ वर्षे, धंदा नोकरी (कार्यालय सहायक, बालकल्याण कार्यक्रम), राहणार जुन्या लाकूड-गिरणीच्या मागे, बर्च नॅरोज. ठाण्यात मी माझ्या पायांनी आले आहे, मला कोणी आणलेले नाही. अंमलदार कॉर्बिन सेवर्स यांच्यासमोर बसून, ते विचारतील त्याला उत्तर म्हणून आणि विचारणार नाहीत तेही, सांगते की,

अंमलदार कॉर्बिन हा माझ्या मामेबहिणीचा मुलगा आहे. उद्या कोणी बोट दाखवू नये म्हणून हे नाते लिहून ठेव, असे मीच त्याला सांगितले. तो मला ठाण्यातही मावशीच म्हणतो. दोन बोटांनी टाइप करतो, त्यामुळे हा जबाब लांबला तर दोष माझा नाही.

वरील कार्यालयात मी एकोणीस वर्षे काम करते. फोन घेणे, फायली लावणे, न्यायालयात जाणारे अहवाल टाइप करणे आणि मुलांच्या भेटींचे वेळापत्रक लावणे ही कामे माझी. मूल घरातून काढायचे की घरी परत द्यायचे हे मी ठरवत नाही. ते ठरल्यावर किती प्रती काढायच्या एवढे मला विचारतात. आपले मूल परक्या घरी जाण्याआधी नातलगांत जागा शोधायची, असा आमच्या कार्यक्रमाचा नियम आहे. जागा असूनही कागद व्हायला सहा महिने लागतात, ते वेगळे.

डेलिया जूर्डेन, वय ६ वर्षे, हिची आई उपचार केंद्रात आहे. मार्चपासून मुलगी साठ मैलांवर, ग्रेचेन लिंडहोम या प्रतिपालक आईकडे राहते. तिथे तिची आबाळ नाही. बाई प्रेमळ आहेत आणि वेळेच्या पक्क्या आहेत. डेलियाचे आजोबा क्लिफर्ड जूर्डेन, वय ६७, यांनी नातीला आपल्या घरी मागितले आहे. त्याची सुनावणी येत्या सोमवारी आहे. तोपर्यंत एक गुरुवार सोडून एक, दुपारी एक ते चार, आमच्या कार्यालयाच्या भेटीच्या खोलीत, देखरेख ठेवणाऱ्या माणसासमोर, आजोबा-नातीने भेटायचे असे ठरलेले आहे.

आजपर्यंत अशा बारा भेटी लागल्या आणि नऊ झाल्या. राहिलेल्या तीन वेळांपैकी एकदा आमची गाडी बंद पडली, एकदा वादळात वीज गेली, आणि एकदा तीच खोली दुसऱ्या कुटुंबाला दिली गेली. ती शेवटची चूक माझी. तिन्ही वेळा क्लिफर्ड जूर्डेन दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून दारात उभे होते. पण कारण आतल्या पानावर राहते, न्यायाधीशांपुढे जातो तो आकडा. बारापैकी नऊ. वाचणाऱ्याला वाटते की म्हातारा तीनदा फिरकलाच नाही. हा आकडा मी स्वतः टाइप केला आणि तो मला दोन आठवडे बोचत होता.

आज दुपारी १२.२० वाजता देखरेखीला येणाऱ्या रेने फेअरबँक्स यांचा फोन आला. वाटेत गाडीवर हरीण आदळले. त्या धडधाकट आहेत, गाडी नाही. येऊ शकत नाही म्हणाल्या. आमच्या प्रमुख बाई प्रशिक्षणासाठी डुलुथला गेलेल्या. कार्यालयात मी एकटी. अशा वेळी फॉर्मवर ‘भेट झाली नाही’ या चौकोनात खूण करायची असते. मी पेन उचलले आणि परत ठेवले. तेरापैकी नऊ असे मी लिहिणार नव्हते.

देखरेखीचे दोन दिवसांचे प्रशिक्षण मी पूर्वी घेतलेले आहे. प्रमाणपत्र झेरॉक्स यंत्राच्या मागे भिंतीवर आहे. त्याची मुदत गेल्या जूनमध्ये संपली. हे कॉर्बिनने विचारले नव्हते, मी आपण होऊन सांगते.

१२.५५ वाजता ग्रेचेन बाई डेलियाला सोडून गाडीचे टायर बदलायला गेल्या. चारला येते म्हणाल्या. रेने येणार नाही हे मी त्यांना सांगितले नाही. सांगायला हवे होते.

१ वाजता क्लिफर्ड जूर्डेन आले. आज दाढी नव्हती आणि हात कोपरापर्यंत काळे होते. या आठवड्यात तळ्यांच्या पाण्यात आपोआप उगवणारा रानभात काढणे चालू आहे. होडीतून काठ्यांनी झोडून आणायचा, वाळवायचा, काठावर मोठ्या कढईत भाजायचा आणि गरम आहे तोवर तुडवायचा, म्हणजे टरफल सुटते. भाजता भाजता ते उलथणे बहिणीच्या हातात देऊन आले होते. उशीर होऊ नये म्हणून हातही धुतले नव्हते. खोलीत येऊन लहान मुलांच्या खुर्चीवर बसले. त्या खोलीला खिडकी नाही.

डेलियाने त्यांचा हात धरून नाकाशी नेला आणि विचारले, “आजोबा, भात भाजलात?”

“हो.”

“किती?”

“दोन पोती.”

“मग तुडवतंय कोण?”

त्यांनी आपल्या गुडघ्यांवरून हात फिरवला. तुडवायला हलक्या पायांचे माणूस लागते, नाहीतर दाणा मोडतो. आमच्याकडे घरात जे सर्वांत लहान असेल ते हे काम करते. गेल्या वर्षी आणि त्याच्या आदल्या वर्षी डेलियाने केले होते. क्लिफर्ड यांचे गुडघे गेले आहेत, आणि त्यांच्या बहिणीचे वजन त्या स्वतः सांगत नाहीत, म्हणून मीही सांगत नाही.

देखरेख करणाऱ्याने मध्ये बोलायचे नसते. मी बोलले. म्हणाले, “चला तळ्यावर. अकरा मैल तर आहे. चारच्या आत परत येऊ.”

क्लिफर्ड म्हणाले, “व्हर्ना, सोमवारी सुनावणी आहे माझी. नसतं झेंगट नको.”

“कागद मी करते.”

“तुझे कागद तुला लखलाभ. पोरीला इथंच खेळू दे.”

म्हणजे दोनदा त्यांनी नको म्हटले. तिसऱ्यांदा मी विचारलेच नाही. कार्यालयाच्या गाडीची किल्ली घेतली आणि डेलियाला बूट घालायला सांगितले. क्लिफर्ड मागून आपल्या पिकअपमधून आले, कारण नात माझ्या गाडीत होती. त्यांनी परवानगी मागितली किंवा मला गळ घातली असे कुठे लिहिले असेल तर ते चूक आहे.

निघण्याआधी मी भेटीचा फॉर्म भरला. ठिकाणासमोर ‘इतर’ अशी खूण केली आणि पुढे लिहिले : क्लिफर्ड जूर्डेन यांचा भाताचा तळ, लूनटेल तळे, उत्तर काठ. निघण्याची वेळ १.२०, गाडीचे मैल, मुलीच्या खुर्चीचा पट्टा तपासला, सगळे लिहिले. पांढरी प्रत फाईलला लावली. पिवळी प्रमुखांच्या ट्रेमध्ये ठेवली. गुलाबी प्रत प्रतिपालक आईसाठी असते, ती ग्रेचेन लिंडहोम यांच्या नावाच्या खणात ठेवली. दिवे घालवले, दारावर ‘लवकरच परत येत आहोत’ ही पाटी लावली आणि दाराला कुलूप घातले.

तो खण कुलपाच्या आत आहे, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही. एकोणीस वर्षे गुलाबी प्रत खणात जाते, आजही गेली. कॉर्बिनने इथे टाइप करायचे थांबवून माझ्याकडे पाहिले. त्याला हसू आले होते, ते त्याने आवरले.

१.४० ते ३.३५ आम्ही तळ्यावर होतो. मी सर्व वेळ मुलीपासून सहा फुटांवर बसून होते. ती पाण्याजवळ गेली नाही, विस्तवाजवळ गेली नाही. जमिनीत पुरलेल्या लाकडी पिपात आजीने, म्हणजे क्लिफर्ड यांच्या बहिणीने, भाजलेला भात ओतला. डेलियाच्या पायांत नवे कोरे हरणाच्या कातड्याचे जोडे घातले. ते उन्हाळ्यातच शिवून ठेवलेले होते. माप कसे कळले असे मी विचारले तर क्लिफर्ड म्हणाले, गेल्या वर्षीच्या पायाला बोटभर वाढवले. जोडे बरोबर बसले.

पिपाच्या दोन्ही बाजूंना आडव्या काठ्या असतात. त्या धरून ती तुडवू लागली. आजोबा गुणगुणत होते आणि ती त्या तालावर पाय बदलत होती. मध्येच मोठ्या माणसासारखी म्हणाली, “आजी, अजून टोचतंय. झालं नाही.” आणि आजीने मुकाट्याने आणखी वेळ दिला. नंतर भूर्जाच्या सालीच्या सुपात पाखडणे झाले. टरफले उडून माझ्या केसांत आली, ती अजून आहेत. मी एकोणीस वर्षे मुलांच्या भेटी कागदावर लावते. भेट कशी असते हे मी आज पाहिले. मला फार आनंद झाला. कॉर्बिन म्हणाला, हे जबाबात कशाला? मी म्हटले, लिही.

ग्रेचेन बाईंचे टायर लवकर झाले. त्या ३.१० वाजता कार्यालयावर आल्या तर दाराला कुलूप, आत अंधार, गाडी नाही, मूल नाही. कार्यालयाचा फोन आतल्या आत वाजत राहिला. तळ्यावर माझ्या फोनला रेंज नसते. वीस मिनिटे वाट पाहून त्यांनी पोलिसांना बोलावले. मीही तेच केले असते. याबद्दल त्यांना कोणी काही बोलू नये.

परतताना मी पुढे होते आणि क्लिफर्ड मागे. गावच्या चौकात पोलिसांनी माझी गाडी जाऊ दिली, कारण तिच्यावर कार्यालयाचे नाव आहे. मागची पिकअप अडवली. मी आरशात पाहिले. क्लिफर्ड यांना उतरवून बॉनेटवर हात ठेवून उभे केले होते. मी लगेच गाडी बाजूला घेतली. डेलिया मागे वळून बघत होती. ती म्हणाली, “मावशी, आजोबांचे हात काळे आहेत म्हणून का?” मी तिला नाही म्हटले. तोवर पोलीस क्लिफर्ड यांना ठाण्यात घेऊन निघाले होते.

पिकअपच्या सीटवर कॉफीचा एक डबा सापडला. आत साधारण दोन पौंड नवा तांदूळ. तो पोलिसांनी ताब्यात घेतला आहे. हंगामाचा पहिला तांदूळ आपण ठेवायचा नसतो, देऊन टाकायचा असतो. तो डबा ग्रेचेन लिंडहोम यांच्यासाठी होता. नातीला सहा महिने जेवू घालतात म्हणून. हे क्लिफर्ड यांनी चौकात सांगितले नाही, त्यांना तशी सवय नाही. मी सांगते आहे.

४.३० वाजता मी कार्यालय उघडून ग्रेचेन बाईंना खणातली गुलाबी प्रत दाखवली. त्यांनी ती उभ्या उभ्या दोनदा वाचली. मग म्हणाल्या, “व्हर्नाबाई, हा कागद दारावर नुसता चिकटवला असता तरी चाललं असतं हो.” मी म्हटले, गुलाबी प्रत खणात जाते. त्यावर त्या हसल्या आणि मग रडल्या. मूल हरवले असे वाटून तासभर काढला होता त्यांनी. मी माफी मागितली. त्या आता बाहेर बाकावर बसल्या आहेत आणि तक्रार मागे घेते असे लिहून देत आहेत. डेलिया त्यांना भात कसा तुडवतात ते ठाण्याच्या फरशीवर दाखवते आहे, ते मला या खुर्चीवरून दिसते. क्लिफर्ड यांना आतल्या खोलीत बसवले आहे, त्यांना अजून कोणी काही सांगितलेले नाही.

कॉर्बिनने जबाब छापून माझ्यापुढे ठेवला. पहिल्या पानावर ‘मुलीस परवानगीविना नेणारी व्यक्ती’ असा रकाना आहे. त्यात क्लिफर्ड जूर्डेन असे नाव होते. मी सही केली नाही. कॉर्बिन म्हणाला, तक्रार मागे घेतली जाते आहे, तो रकाना आता कोण बघतो? मी त्याला सांगितले की त्या रकान्यात पडलेले नाव पुसले जात नाही. या कागदावरून ते दुसऱ्या कागदावर जाते, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, आणि नेणारी मीच असते, टाइप करून. वीस वर्षांपूर्वीची नावे मी अजून टाइप करते. काही माणसे वारली आहेत.

त्याने नाव खोडून रकाना रिकामा ठेवला आणि पान पुन्हा छापले. तेही मी परत दिले. रिकामा रकाना दिसला की कोणीतरी तो भरतोच.

मग तो हळू आवाजात म्हणाला, “मावशी, इथं तुझं नाव आलं तर चौकशी तुझ्यावर येईल. नोकरी जाईल तुझी.”

मी म्हणाले, “जाईल तर जाईल. माझी फाईल कोण वाचतंय, कॉर्बिन? क्लिफर्डची सोमवारी न्यायाधीश वाचणार आहेत.”

त्याने पान परत ओढून घेतले. मग दोन बोटांनी टाइप करू लागला.

हा जबाब मला तीन वेळा मोठ्याने वाचून दाखवला. पहिल्या दोन वेळा तो बरोबर नव्हता. तिसऱ्या वेळी त्या रकान्यात व्हर्ना मे बेलँजर असे लिहिलेले मी स्वतः पाहिले. आता तो माझ्या सांगण्याप्रमाणे खरा व बरोबर आहे, म्हणून सही करते.

(सही) व्हर्ना मे बेलँजर
समक्ष : कॉर्बिन सेवर्स, अंमलदार. सायंकाळी ६.५५.