ज्ञानूच्या बाचा खांदा

न्हाई वं, तसलं काय न्हाई अंजनाबाई, खांदाच तेवढा मोडलाय — डोसकं शाबूत हाय, पयलं हुतं तेवढं. बसा अशा भिताडाला टेकून. कडेगावास्नं बैलगाडीत हाडं खिळखिळी झाली आसतील, आन् वर आमच्यात च्या गुळाचा, लढाईनं साखर सगळी खाल्ली. त्यो आवाज व्हय? भिऊ नगा. माजघरात तवनाप्पा वस्ताद ज्ञानूच्या बाचा हात चोळत्यात — सांगलीकडचे हायती, पैलवानांची हाडं बसवता बसवता म्हातारे झाले. मोठ्या दवाखान्यात गोऱ्या डाक्टरनं खांदा कापून शिवला, आन् घरी धाडताना सांगितलं, हात रोज कुणीतरी धरून हलवून घ्या, न्हाईतर आखडंल, मग जल्मात वर जायाचा न्हाई. म्हणून वस्ताद. त्यांनी हात नुसता धरला की ह्यांचं सुरू — आयाई गं, मेलो गं. आवं, ह्याच माजघरात मी बाळंत झाले, ज्ञानू रडला तवा शेजारणीला कळलं. आन् ह्यांचं वरडणं ऐकाय आर्धी आळी समाचाराला येती. येताना मोसंबी आणत्यात, ते एक बरं हाय.

कसा मोडला म्हणता — गुऱ्हाळावर. काकवी सांडली हुती, तिच्यावर पाय घसरला. गावाला तसंच सांगितलंय. चौकटीकडं काय बघताय? सागवानी हाय, माझ्या सासऱ्यानं बसवलेली. आता ज्ञानूला पोरगी द्यायची म्हणून घर बघाय आलाय तर नीट बघा की — समाचार बी झाला, घर बी बघून झालं, एका गाडीत दोन कामं. घर शांत हाय आमचं. हात गळ्यात बांधल्यापास्नं तर लयच शांत. पटका बांधाय दोन हात लागत्यात, आन् पटक्याबिगर पारावर जाऊन बसायचं कसं? म्हणून घरातच आसत्यात. मी देती की बांधून — पर माझ्या हातचा सैल बसतोय, कानावर उतरतोय, मग त्यांस्नीच लाज वाटती. बांधाय येत न्हाई मला? येतोय की. लगीन हुईस्तवर माझ्या बापाचा मीच बांधायची, गावात तसा पटका कुणाचा नसायचा.

घास बी मीच भरवती. भाकरी कुस्करायची, घास करायचा, तोंडात द्यायचा. दुसऱ्याच्या हातनं जेवणाऱ्या माणसाचं बोलणं मऊ हुतं, बघा — परवा मी आमटीत मीठ घालायचं इसरले, तर चूपचाप जेवले. मागं ताट भिताडावर गेलं आसतं. म्हंजी कवातरी हो, रोज न्हाई. बाजारचं काय आणायचं, बैल कुणाला द्यायचा, आता मला इचारत्यात. ‘तानुबाई’ म्हणत्यात. मला तर माझं नाव तानुबाई हाय ह्याची याद ऱ्हायली नव्हती.

वस्ताद म्हणत्यात, तेल चांगलं तापवून द्या, शेक लागला की खांदा सुटतोय. देती की मी. आज गारच गेलं, चूल इझली हुती. आन् मागच्या बाजारी त्यांस्नी सांगावा धाडला, आज येऊ नगा, पाव्हणे आल्यात. कोण पाव्हणे म्हंजी — आलं हुतं की कुणीतरी. आशा का बघताय माझ्याकडं? नवऱ्याचा हात बरा व्हावा आसं मला वाटत न्हाई व्हय? वाटतंय की. तोंडापतुर जावा, आपल्या हातानं जेवावं. पटका बांधण्यापुरता बी जावा, पाहिजे तर. त्याच्या वर कशाला जायाला पायजे, तुमीच सांगा.

ती लाकडातली खोक व्हय? आसू दे. तुमी चौकटीवरनं नजर काय काढत न्हाईसा, तर ऐका. कालवणात क्यास निघाला हुता. हात उगारून आले अंगावर. मी हितंच उभी, चौकटीला पाठ लावून. लगीन झाल्यापास्नं आशीच उभी ऱ्हात आल्ये, मान खाली घालून — आन् त्या दिवशी काय झालं कुणाला ठावं, मी बाजूला झाले. ढकललं न्हाई, देवाशपथ. नुसती बाजूला झाले. त्यांचा सगळा जोर चौकटीत गेला. आधी चौकट वाजली, मग खांदा. आन् मला, काय सांगू, हसू आलं हुतं. पदर तोंडात कोंबून गाडी जुंपाय सांगाय गेले.

थांबा. वरडणं का थांबलं? — वस्ताद काय म्हणत्यात? वर. आजून वर. शाबास गड्या.

लागला. शिंक्याला हात लागला त्यांचा.

न्हाई, बसू नगा आता. कुकू लावती, निघा. ज्ञानू कुणावर गेलाय म्हणता — बापावर का माझ्यावर, ते त्याची बायको आल्यावरच कळायचं, मी कसं सांगू? पोरगी द्या, नगा देऊ, माझा राग न्हाई. दिलीसा तर दागिना एक कमी घाला, पर एवढं शिकवून धाडा — चौकटीला पाठ लावून उभी ऱ्हा म्हणावं, आन् हात वर गेला की पयल्याच दिवशी बाजूला हो. माझ्यागत उशीर करू नगस.

हाक मारत्यात. आले वं, आले.