टाकीचं मशीन कुणी बंद केलं?

हॅलो?… हॅलो, जान्हवी? अगं, साधना मावशी बोलते, टेंभुर्णीहून… ऑफिसात हायेस?… मंग बाहेर ये जरा, जल्दीचं काम हाय…

आमच्या दूध केंद्राच्या सर्व्हरमधला लॉग कसा बघायचा?… लॉग गं, लॉग! तूच सांगितल्तं ना मागं, मशीन चालू-बंद झालं की त्यात टायमासकट लिहून येतं…

अगं, काल टाकीचं कूलिंग मशीन बंद पडलं. सकाळी बघते तर सगळं दूध नासलेलं… न्हाई, लाइट न्हाई गेल्ती. बटणानं बंद झालं. भाऊ, आमचे मालक, म्हणतेत वसंतानं केलं… वसंता, रात्रीचा वॉचमन. त्याला कामावरून काढून नवा माणूस आणायला गेलेत भाऊ. हा बिचारा पिशवी भरून बाहेर बाकावर बसलाय. "ताई, मी बटणाला हात न्हाई लावला," एवढंच म्हणून राह्यला…

हो, बघितला की भाऊंनी लॉग. आठ वाजून दहा मिनिटं. अन् आठला तर वसंता ड्यूटीवर. "कम्प्युटर खोटं बोलंल का?" म्हणले… मला काही पटंना गं. पाच वर्षं झाली, साधी डुलकी घेताना बी सापडला न्हाई तो…

हां, बसले समोर. सांग… उघडलं. अगं बाई! ह्या किती फायली… तारखा तर उलट्याच, वर्ष पहिले अन् दिवस शेवटी… सगळ्यात खालची? थांब… अय्यो, डिलीट करू का म्हणतंय! … न्हाई न्हाई, केलं बंद. घाबरवू नको मला…

कालची उघडली. मुंग्याच मुंग्या नुसत्या. ह्यात काय शोधू?… कंट्रोल अन् एफ… हो… एस, टी, ओ, पी… सापडलं! सकाळचे सहा… हे न्हाई? पुढचं… दुपारचं… अजून पुढं… वीस वाजून दहा? वीस कुठं वाजतेत गं?… अच्छा, बारा वजा करायचे. म्हणजे आठ दहाच की. भाऊ बराबर बोलले मंग…

काय?… आजची फाइल काहून?… बरं, बरं, उघडते… शेवटची ओळ? ती आत्ताच आली, माझ्यासमोर. साडेअकरा… बराबर तर हाय. भिंतीवर बी साडेअकराच…

मोबाइलवर? मोबाइलवर अकरा… हां, ते तसंच असतंय. अगं, दूधवाल्यांनी वेळेत यावं म्हणून भाऊंनी इथली सगळी घड्याळं अर्धा तास पुढं करून ठेवलीत. आम्ही मनातल्या मनात कमी करतो… सगळी म्हणजे सगळी…

थांब. थांब जान्हवी.

कम्प्युटरचं बी?… आई गं. ते तर कुणी कमीच न्हाई केलं!

मंग आठ दहा न्हाई… सात चाळीस? पुन्हा सांग, माझं डोकं गरगरायलंय… सात चाळीसच ना? पक्कं?… पण वसंता धावड्याहून येणाऱ्या जीपनं येतो. ती आठला येते, अन् ती काही भाऊंच्या घड्याळावर चालत न्हाई. सात चाळीसला तो रस्त्यात होता गं!

इथं कोण होतं?… मी तर सहालाच घरी गेल्ते. इथं… इथं भाऊच. वसंताच्या हातात किल्ली दिल्याबिगर ते हलत न्हाईत. तोवर लाइटबिल वाचवायला फेरी मारतेत, दिसंल ते बटण खटाखट बंद… अन् कालच तर बटणांचा नवा बोर्ड बसला! पंख्याच्या शेजारी मशीनचं बटण…

अगं, त्यांच्या ध्यानात बी नसंल… मी सांगू? मी कशी सांगू? मालक हायेत. उद्या माझी बी पिशवी भरायला लावतील…

आली. गाडी आली. दुसरा माणूस बी हाय संग… वसंता उठला बघ बाकावरून. पाया पडून राह्यला त्यांच्या… जान्हवी, मला न्हाई बघवत…

न्हाई, तू नको बोलूस, तू लांबची. मीच सांगते… थांब, ठेवू नको…

भाऊ! ओ भाऊ, जरा आत या… वसंता, तू बी ये. पिशवी राहू दे तिथंच… कम्प्युटरचंच हाय भाऊ, बसा… आधी एक सांगा, तुमच्या मोबाइलमध्ये किती वाजले?… न्हाई, भिंतीकडं नका बघू.

ठेवते गं.